'सायकियाट्रीत एवढं चालायचंच, सिस्टर'

ड्युटीला निघताना मी मंगळसूत्र काढून डब्यात ठेवते. सासूबाईंना ते पचायला वर्ष गेलं. पण वॉर्डात गळ्यात काही नको, ओळखपत्राची दोरीसुद्धा नको. पुण्यातल्या एका मानसोपचार रुग्णालयात अकरा वर्षं झाली (कुठलं ते विचारू नका), आता सवय झालीये.

गेल्या महिन्यात नाईटला एका पेशंटनं तोंडावर बुक्की मारली. बिडी मागत होता, मी 'सकाळी बघू' म्हटलं. चष्मा फुटला, भुवईला तीन टाके. बत्तीस पेशंट, मी आणि एक मामा, म्हणजे वॉर्डबॉय. तेही दुसऱ्याला बाथरूमला घेऊन गेलेले. सकाळी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या ड्युटीकडे वॉर्ड सोपवताना, वर लिहिलंय ते वाक्य ऐकलं. नोंद करायची का विचारलं, तर म्हणे "कशाला उगीच."

पेशंटवर माझा राग नाही. दोन दिवसांनी त्यानंच विचारलं, "सिस्टर, डोळ्याला काय लागलं?" खरंच विचारत होता. आणि बहुतेक पेशंट कुणावर हात उगारत नाहीत, उलट बाहेर मार खाऊन आलेले असतात.

नात्यातले म्हणतात, केस कर. दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांसाठी २०१० चा राज्याचा कायदा आहे, त्यात नर्सही येतात. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, अजामीनपात्र. दारू पिऊन काचा फोडणाऱ्या नातेवाइकाला तो बरोबर लागू होतो. पण आजाराच्या भरात आपण काय करतोय हेच ज्याला कळत नाही, त्याला कायदाच गुन्हेगार धरत नाही. मलाही तो कोर्टात उभा राहिलेला नकोय.

मला माणसं हवीत. बुक्की आभाळातून पडत नाही. गोळ्यांची वेळ, आंघोळीची वेळ, ड्युटी बदलताना, आणि एकटीनं घाईत 'नाही' म्हणताना ती येते. त्या रात्री पाच मिनिटं त्याच्याशेजारी बसायला कुणी असतं तर? शिवाय माणसं कमी असली की पेशंटला बांधायचं लवकर सुचतं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो, शिक्षा म्हणून बांधायचं नाही. समोरचा धोका टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हाच, तेही मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीनं. म्हणजे कमी स्टाफची झळ आम्हालाही आणि त्यांनाही.

पण कागदावर आमच्या वॉर्डात वर्षभर एकही मारहाण नाही. मग जादा माणूस मागायचा कशाच्या जोरावर?

या वेळी मी रिपोर्ट बुकात लिहिलं. वेळ, पेशंट किती, स्टाफ किती, खाली सही. इनचार्ज मॅडमनी दोनदा विचारलंय, "ते पान बदलता येईल का गं?"

आज परत नाईट आहे. मामा एकच.