डोक्यावरचा डबा बदलताना

व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जगात गेम खेळायचा डबा, बदलायचं मनात आलं की माणूस पहिल्यांदा आकड्यांच्या नादी लागतो. जुना डबा मेटा कंपनीचा क्वेस्ट २, त्यात एका डोळ्याला १८३२ गुणिले १९२० ठिपके; नवा पिको कंपनीचा पिको ४, त्यात २१६० गुणिले २१६०. झालं, पटलं. मग हेच आकडे तो बेळगावात आरपीडी क्रॉसपासून शहापूरपर्यंत भेटेल त्याला ऐकवत सुटतो. ऐकणारा "बरं हाय की!" म्हणतो आणि चहा सांगतो. मला विचाराल तर हेडसेट बदलायला आकडे फारसे लागत नाहीत. नाक लागतं, गालाची हाडं लागतात, बुबुळं लागतात, छताचा पंखा किती खाली आहे ते लागतं, आणि जुन्या गेमांत किती पैसे अडकलेत त्याचा हिशेब लागतो.

शिवाय तुलनेच्या तक्त्यात तळाला एक ओळ असते, ती कोणी वाचत नाही. २०२० चा क्वेस्ट २ काय आणि २०२२ चा पिको ४ काय, दोघांच्या पोटात चिप एकच, स्नॅपड्रॅगन एक्सआर२. तेव्हा हेडसेटवरच चालणारे गेम नव्या डब्यात एकदम जिवंत होतील ही आशा सोडावी. फरक पडतो तो भिंगांनी. क्वेस्ट २ ची फ्रेनेल भिंगं, म्हणजे काचेवर बारीक गोल खाचा. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली की त्यांच्याभोवती उजेडाच्या झिपऱ्या सुटतात. पिकोची पॅनकेक भिंगं चपटी, कडेपर्यंत स्वच्छ. हा फरक पहिल्या मिनिटाला कळतो आणि पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. दुसऱ्या मिनिटाला बुबुळं आडवी येतात.

दोन बुबुळांमधलं अंतर मोठ्या माणसात साधारण ६३ मिलीमीटर असतं. क्वेस्ट २ ची भिंगं बोटाने सरकवून तीन जागी बसतात: ५८, ६३, ६८. पिको ४ ची मोटरवर सरकतात, हव्या त्या मिलीमीटरला थांबतात, ऐट मोठी. पण ६२ ते ७२ एवढ्यातच. ज्याचं अंतर ५८ आहे त्याला जुना डबा बरोबर बसत होता आणि नवा, महागडा, मोटरवाला डबा धूसर दाखवणार. घरातल्या बायकांना आणि पोरांना हे आधी जाणवतं, आणि आपण त्यांनाच "नीट घातला नाहीस" म्हणून ऐकवतो. म्हणून पैसे देण्याआधी चष्म्याच्या दुकानात अंतर मोजून घ्यावं. चष्म्याच्या चिठ्ठीवर पीडी म्हणून लिहिलेलं असलं तर तेच. नाहीतर आरशासमोर मिलीमीटरची पट्टी कपाळाला टेकवून, एकेक डोळा मिटून मोजावं. घरचे विचारतील, "काय करूलास रे आरशात?" उत्तर देत बसू नये.

मग बसवणं. नवा हेडसेट अथणीच्या नव्या चपलेसारखा चावतो. फरक एवढाच, की चपलेला तेल लावता येतं. क्वेस्ट २ चं वजन ५०३ ग्रॅम, सगळं तोंडावर, म्हणून गालांवर लाल वळ. पिको ४ चं ५८६ ग्रॅम, तरी हलका वाटतो, कारण बॅटरी डोक्याच्या मागे आहे. मात्र बसवायची रीत उलटी. मागची चकती पूर्ण सैल करायची, मागचा भाग कवटीच्या खालच्या उंचवट्याखाली अडकवायचा, मग पुढचा भाग तोंडावर ओढायचा, चकती आवळायची, आणि सगळ्यात शेवटी डोक्यावरचा पट्टा. चष्मा असेल तर आधी तोंड, मग मागचा भाग. नाहीतर चष्म्याची काडी कानातून निघून हेडसेटच्या भिंगावर ओरखडा काढते. अक्षरं पुसट दिसली तर चकती आणखी आवळणं हा आपल्याकडचा लाडका उपाय आहे. त्याने फक्त डोकं दुखतं. डबा वरखाली दोन-तीन मिलीमीटर हलवला की अक्षर लागतं.

मागच्या बॅटरीचा एक तोटा जाहिरातीत नाही: आडवं पडून सिनेमा बघणं संपलं. उशीवर डोकं टेकलं की मागून ठोसा बसतो. क्वेस्ट २ चा कापडी पट्टा या बाबतीत सज्जन होता. पिकोला ३.५ मिलीमीटरचं भोकही नाही, त्यामुळे जुना वायरचा हेडफोन खुंटीला. घाम झिरपू नये म्हणून घेतलेलं सिलिकॉनचं कव्हर, पाठीमागचा जादा पट्टा, नंबरच्या भिंगांची चौकट, यातलं काहीही नव्याला बसत नाही. हातात धरायच्या कंट्रोलरच्या सेलचंही तसंच. क्वेस्टला हाताला एक डबल-ए, पिकोला हाताला दोन. चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असल्याने भरलेले असूनही बॅटरीची खूण अर्धी दिसू शकते. घाबरू नये.

आता मुख्य दुखणं. मेटाच्या दुकानातून घेतलेले गेम मेटाच्या खात्याला बांधलेले असतात, माणसाला नाही. दुसऱ्या कंपनीचा हेडसेट घेतला की ते तिकडेच राहतात. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमांच्या ऑनलाइन दुकानात, घेतलेले मात्र जवळपास कुठल्याही हेडसेटवर कॉम्प्युटरमार्फत चालतात. म्हणून पुढेमागे डबा बदलायचा विचार असेल तर आजपासून खरेदी स्टीमवर करावी, हा माझा फुकटचा आणि उशिरा कळणारा सल्ला. गाण्याच्या तालावर तलवारीने ठोकळे कापायच्या बीट सेबर या गेमचंच बघा. तो बनवणारी कंपनी फेसबुकने २०१९ मध्ये विकत घेतली, आणि पिकोच्या दुकानात तो गेम नाही. नव्या डब्यात हवा तर स्टीमवरून पुन्हा घ्या, जुने गुण विसरा. स्टीम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत देतं, म्हणजे चालतो की नाही बघायला तेवढी मुभा आहे. कॉम्प्युटरचा पडदा बिनतारी हेडसेटमध्ये आणणारा व्हर्च्युअल डेस्कटॉप हा प्रोग्रामही दोन दुकानांतून दोनदा घ्यावा लागतो. आणि पिको कुणी बाहेरून आणून देत असेल तर तो चीनमधल्या विक्रीचा नाही ना, हे खोक्यावरून तपासावं. त्याचं दुकान वेगळं, भाषा वेगळी, आणि ते आपल्या गल्लीत कुणाला वाचता येत नाही.

हेडसेट चढवला की तो पहिलं फर्मान काढतो: सीमा आखा. बेळगावच्या माणसाला हे सांगणं म्हणजे धाडसच. इकडे १९५६ ची एक सीमा आहे, तिचा खटला २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. डब्याची सीमा मात्र जमिनीवर किरण फिरवला की अर्ध्या मिनिटात आखून होते आणि हरकत घ्यायला फक्त सोफा उरतो. जुन्या हेडसेटने आखलेली सीमा नवा मानत नाही. मोकळी दोन बाय दोन मीटर जागा शोधून सगळं पहिल्यापासून. बरं, एकदा आखली म्हणून ती टिकेल असंही नाही. डबा खोली ओळखतो ती भिंतीवरच्या वस्तूंवरून. कपाट हलवलं, पडदा बदलला की तो अनोळखी होतो. कोऱ्या पांढऱ्या भिंतींच्या खोलीत तर त्याला धरायला काहीच सापडत नाही. एक कॅलेंडर टांगलं तरी फरक पडतो. कपाटाच्या आरशावर चादर टाकावी. आरशातली खोली त्याला खरी वाटते. गणपतीत मखराच्या लुकलुकत्या माळा लागलेल्या खोलीत खेळू नये, कारण त्या ठिपक्यांना तो कंट्रोलरचे दिवे समजतो आणि तुमचा हात मखरात जाऊन बसतो. सेटिंगात ट्रॅकिंगची फ्रिक्वेन्सी दिसली तर ती ५० हर्ट्झवर ठेवावी, कारण आपली वीज ५० ची आहे; ६० वर ट्यूबलाइटच्या उजेडात चित्र थरथरू शकतं.

या सीमेला भिंती असतात, छत नसतं. छताचा पंखा तिच्या हद्दीत येत नाही. तलवार वर उगारणाऱ्या उंच माणसाला हे एका घावात कळतं. पंखा बंद, आणि टेबल-फॅन एका बाजूला जमिनीवर. वाऱ्यावरून आपलं तोंड कुठे आहे ते कळतं आणि मळमळही कमी होते. चोर्ला घाटात ज्याला पिशवी लागते, त्याने नव्या डब्यात पहिल्या दिवशी बसूनच खेळावं, गेममध्ये चालण्याऐवजी एका क्षणात जागा बदलण्याचा पर्याय ठेवावा आणि तोंडाला पाणी सुटताच थांबावं. "सवय होईल" म्हणून रेटलं तर सवय होते ती ओकायची. बाहेरचं दृश्य पिकोत रंगीत दिसतं, क्वेस्ट २ मध्ये काळंपांढरं होतं, हे खरं. पण पिकोचं रंगीत चित्र एकाच कॅमेऱ्याचं, त्यात वस्तू किती लांब आहे ते धड कळत नाही. हेडसेट न काढता चहाचा ग्लास उचलायला जाऊ नये. हात ग्लासाच्या अलीकडे पोचतो, नाहीतर पलीकडे.

कॉम्प्युटरवरचे गेम बिनतारी चालवायचे तर इंटरनेटचा वेग कितीही असो, त्याचा इथे संबंध नाही. संबंध आहे राउटर आणि डोकं यांच्यामधल्या भिंतीचा. खानापूरकडच्या जुन्या घरांतली जांभ्याची भिंत ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल गिळून ढेकरही देत नाही. राउटर खेळायच्या खोलीतच ठेवायचा, कॉम्प्युटर त्याला केबलने जोडायचा, आणि हेडसेट ५ गिगाहर्ट्झवरच आहे ना हे बघायचं. लाईट गेली की इन्व्हर्टर पकडेपर्यंतच्या क्षणात राउटर पुन्हा सुरू होतो आणि आपण लढाईच्या मध्यात काळोखात उभे. १२ व्होल्टचा छोटा राउटर-यूपीएस त्यावर पुरतो. गेम सुरू झाल्यावर बंदूक जमिनीकडे किंवा छताकडे वळलेली दिसली तर हात बिघडलेला नाही. दोन कंपन्यांच्या कंट्रोलरच्या मुठीचा कोन वेगळा असतो. गेममध्ये कोन बदलायची सोय असेल तर तिथे, आणि बटणांसाठी स्टीमव्हीआर, म्हणजे स्टीमचे गेम हेडसेटवर चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, कंट्रोलर सेटिंगात.

पावसाळा हा वेगळा अध्याय. जूनपासून भिंगांवर वाफ धरते, तेव्हा हेडसेट दहा मिनिटं चालू ठेवून गरम झाल्यावर घालावा. एरवी खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या, नाहीतर भिंगाला बुरशी. भिंग कोरड्या मायक्रोफायबरने पुसायचं, स्पिरिट लावायचं नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं, घरातल्या वडीलधाऱ्यांना बजावून ठेवायचं, की हा डबा कुबट वास आला तरी उन्हात ठेवायचा नाही. गाद्या, गोधड्या, पापड यांच्या रांगेत तो गच्चीवर गेला आणि भिंगं आभाळाकडे राहिली, की ती सूर्य गोळा करून पडद्यावर पिवळा डाग जाळतात. तो डाग निघत नाही.

जुना विकताना घाई करू नये. आधी यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडून ऑक्युलस नावाच्या फोल्डरमधले व्हिडिओ उतरवून घ्यावेत. मग हेडसेट बंद करून पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबून धरायचं, मेनू येतो, आवाजाच्या बटणाने फॅक्टरी रीसेटवर जायचं, पॉवरने निवडायचं. आपल्या फोनमधल्या ॲपमधूनही तो काढून टाकायचा. कंट्रोलरमधले सेल काढून ठेवायचे, गळतात. हे सगळं व्यवस्थित करून डबा पुसून समोर ठेवला की घेणारा तो हातात तोलून विचारतो, "आत गेम किती हायत?"

"एक पण नाही. गेम खात्यात असतात."

"मग दोन हजार कमी करा की."