"कॉम्प्रेसर किती सीएफएमचा आहे, काका?"

स्वयंपाकघरातली कपाटं पाडून नवी करायची नाहीत, आहेत त्यांनाच रंग द्यायचा, एवढ्यावर आमच्या घरात एकमत झालं. पुढच्याच वाक्याला ते मोडलं. "ब्रशने नाही हं," बायको म्हणाली, "ब्रशचे ओरखडे दिसतात. फॅक्टरी फिनिश पाहिजे." फॅक्टरी फिनिश म्हणजे स्प्रे गन, आणि ती आणायची जबाबदारी अर्थातच माझी.

दुकानात जायचं आणि गन उचलून आणायची, त्यात काय एवढं, असं ज्याला वाटतं त्याने पुण्याच्या बोहरी आळीत एक चक्कर मारावी. मी तोंड उघडायच्या आत काउंटरमागून प्रश्न आला, "कॉम्प्रेसर किती सीएफएमचा आहे, काका?" आवाजात जमेल तेवढी बेफिकिरी आणून मी म्हटलं, "साधाच." त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी दहावीच्या गणिताच्या बाईंनंतर पाहिली नव्हती.

सीएफएम म्हणजे कॉम्प्रेसर मिनिटाला किती घनफूट हवा देतो ते. गन स्वस्त असते, तिची भूक महाग असते. कमी दाबाने पण भरपूर हवेवर चालणारी ती एचव्हीएलपी गन. तिच्यात रंग कमी उडतो, म्हणून कपाटांना तीच उत्तम. पण बऱ्याच गनना मिनिटाला आठ-दहा घनफूट हवा लागते आणि एक एचपीचा कॉम्प्रेसर चारच्या आसपासच दमतो. म्हणजे कपाटाचं अर्धं दार, म्हणजे शटर, मारून कॉम्प्रेसरची टाकी पुन्हा भरायची वाट बघत बसा. मोठा कॉम्प्रेसर आणावा, तर त्याचा आवाज ऐकून सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टचीही वाट न बघता वर येणार.

पुढच्या दुकानात एअरलेसची, म्हणजे हवेशिवाय फवारणाऱ्या यंत्राची, शिफारस झाली. "एका दिवसात बिल्डिंग रंगवाल, काका!" मला बिल्डिंग रंगवायची नव्हती. शिवाय हे यंत्र रंगच दोन-तीन हजार पीएसआयच्या, म्हणजे दर चौरस इंचाला तेवढ्या पौंडांच्या, दाबाने ढकलतं. बोट नोझलसमोर आलं तर रंग थेट कातडीच्या आत. बरं, त्याच्या लांबलचक पाइपात जेवढा रंग अडकून राहतो, त्यात आमची वरची सगळी कपाटं झाली असती.

या सगळ्याचं मूळ एका डॉक्टरात आहे. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ॲलन डीव्हिलबिस नावाच्या डॉक्टरांनी 1888च्या सुमारास रोग्यांच्या घशात औषध फवारायचं यंत्र विकायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या मुलाने त्याच कल्पनेवर रंगाची गन काढली. बापाने घसे बरे केले, मुलाच्या गनने परत बसवले. कारण पीयू (पॉलीयुरेथेन) रंग मारायचा तर तो कडक करायला मिसळतात त्या हार्डनरमध्ये श्वासाला घातक असं आयसोसायनेट असतं, तिथे तोंडाला बांधलेला रुमाल कामाचा नाही, चांगला रेस्पिरेटरच लागतो. मी पीयूचा नाद तिथेच सोडला. पाण्यात मिसळणारा इनॅमल घेतला.

दरम्यान मेहुण्याने व्हिडिओंचा मारा चालवला होता. त्यात एक गोरा गृहस्थ आमच्या फ्लॅटएवढ्या गॅरेजमध्ये शटर टांगून हसत हसत फवारतो. त्याच्याकडे फोडणी होत नसावी. आमच्या गॅसवरच्या शटरवर इतक्या वर्षांचा तेलकट चिकटा होता की बोट लावलं तर ते सोडवून घ्यावं लागे, आणि एका हँडलच्या फटीत मोहरीचा अख्खा दाणा बसलेला. बिजागऱ्या काढायला आलेला मेस्त्री तो दाणा स्क्रू ड्रायव्हरने उकरत म्हणाला, "गन कुठलीबी घ्या साहेब, घासकाम चांगलं पाहिजे." एवढा हिंडून आल्यावर हे ऐकणं जड गेलं. आधी साबणाचं पाणी, मग पॉलिश कागद, मग लांबी (पुट्टी), मग पुन्हा कागद, मग प्रायमर. यात गन कुठेच नाही. मी मात्र सगळा जीव गनमध्ये अडकवलेला.

शेवटी घेतली ती हातात धरायची इलेक्ट्रिक. तिची हवा तिच्याच पोटात तयार होते, कॉम्प्रेसरचं लचांड नाही. सोबत तळाला भोक असलेला एक इवलासा कप येतो. तो रंगाने भरायचा आणि किती सेकंदांत रिकामा होतो ते मोजायचं. घट्ट असेल तर शटरवर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा उमटतो, पातळ असेल तर ओघळ येतात. रंग गाळायलाही लागतो. चहाची गाळणी त्या कामी उत्तम, हे मी घरात बोललो नाही, गाळणीनेच सांगितलं. जुन्या माळ्याच्या दारावर हात बसवला आणि मग गच्चीत, कबुतरं हाकलत, वीतभर अंतरावरून, मनगट न वळवता, निम्म्या पट्ट्यावर पुढचा पट्टा चढवत शटरं मारली. दर हातानंतर गनची सुई, नोझल, टोपी धुवायची. त्यात फवारण्यापेक्षा जास्त वेळ जातो, हे त्या गोऱ्याने दाखवलं नव्हतं.

बिजागऱ्या लावायला मेस्त्री परत आला. शटरवरून तळवा फिरवला, उजेडात तिरकं धरून बघितलं.

"कुणाकडनं मारून घेतलं?"

"मीच मारलं."

"बरं हाय की," तो म्हणाला. "मग ती गन जरा द्या दोन दिवस. आमची बिघडलीय."