सोलापुरात गगनचुंबी टॉवर कसा उभारावा

सोलापूरकरांनो, शहराचं नाव व्हायचं असेल तर चाळीस मजली ऑफिस-टॉवर हवाच. चादर आणि शेंगाचटणीनं नाव होतं, पण उंची वाढत नाही. सिद्धेश्वर यात्रेतले नंदीध्वज उंच आहेत खरे, पण ते खांद्यावर पेलावे लागतात. महापालिकेच्या जुन्या इंद्रभुवन इमारतीचं तर नावच काढू नका. कोरीवकाम कितीही देखणं असलं तरी मजले मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

आत ऑफिसं कुठली येणार, असं कुणी विचारलं तर त्याला विकासविरोधी म्हणा. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग 1931 साली ऐन मंदीत उघडली. 102 मजले, आणि भाडेकरू मिळेनात! लोक तिला ‘एम्प्टी स्टेट’ म्हणायला लागले. मग मालकांना वरून शहर बघायला येणाऱ्यांच्या तिकिटांनी हात दिला. शेंड्यावर गॅसनं तरंगणारी हवाई जहाजं बांधून ठेवायची सोयही केली होती. वाऱ्यानं ती काही जमू दिली नाही.

आपल्याकडे उलटं. विमान यावं म्हणून उंच वस्तू पाडतात. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 ला पाडली, गोव्याचं विमान सुरू व्हायला 2025 उजाडलं. तेव्हा जागा बघताना विमानतळाचा होटगी रोड तेवढा टाळा.

बाहेरून सगळी काच लावा. मे महिन्यात पारा बेचाळीसवर गेला की आतली माणसं उकडून निघतील, पण फोटोत आभाळ झकास येतं. पाण्याची काळजी नको. नळ चार-पाच दिवसांआड, तोही रात्री-अपरात्री. पहिल्या मजल्याला पोचेना म्हणून बायका मोटार लावून जागतात, तिथं चाळिसाव्याला आशाच नाही, म्हणजे झोप तरी नीट लागेल.

राहिला प्रश्न आत बसणाऱ्यांचा. ती पोरं सकाळच्या ‘हुतात्मा’ एक्स्प्रेसनं कधीच पुण्याला गेलीत. सणाला येतात, डबाभर चटणी आणि कडक भाकरीची चवड घेऊन परत जातात. “इथं काय आहे बे?” एवढंच विचारतात, आणि आपण लगेच टॉवरचं चित्र दाखवायचं.

तळमजल्यावर चादरींचं दुकान काढा, तेवढं चालेल. गच्चीवर तिकीट लावा. सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला दिसेलच. एक दुर्बीण मात्र वायव्येला, पुण्याच्या दिशेनं बसवा. आईवडिलांना निम्मं तिकीट.