ट्रस रॉड आवळून ॲक्शन खाली येत नाही भो, आधी तो पाना खाली ठेवा

एक मेसेज सध्या आपल्याकडे फार फिरतोय. जळगाव, भुसावळ, चोपडा, अमळनेर, कुठल्याही गिटारवाल्या पोराचा मोबाईल उघडा, त्यात असणारच. मजकूर थोडक्यात असा: तारा उंच वाटतात का, मग सेटअपला पैसे घालवू नका, ट्रस रॉड, म्हणजे गिटारीच्या मानेतला (नेकमधला) लोखंडी रॉड, उजवीकडे आवळा, नेक फुटपट्टीसारखी सरळ झाली की ॲक्शन, म्हणजे फ्रेटच्या पट्ट्यांपासून तारांची उंची, आपोआप खाली येते, खाली तारा जिथे टेकतात त्या ब्रिजला मात्र हात लावू नका सूर बिघडतो, आणि हे एकदा केलं की कायमचं काम झालं.

हे वाचून गप्प बसलो असतो, पण मागच्या आठवड्यात चोपड्याहून एक पोरगा एसटीत गिटार मांडीवर घेऊन माझ्याकडे आला. केळीचा माल गेल्यावर वडिलांनी घेऊन दिलेली गिटार, वर्षही झालं नाही. हेडस्टॉकजवळचं भोक पाहिलं तर आतल्या रॉडच्या नटाचे सहाही कोपरे झिजून गोल, कडेला चकचकीत पत्र्यासारखा कीस, ॲलन की घातली की नुसती फिरते. पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत एकही सूर मोकळा वाजेना, सगळीकडे खर्रर्र. पोरगं रडकुंडीला आलेलं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"रॉड आवळला की ॲक्शन खाली येते." इथेच मूळ घोळ आहे. रॉडचं काम नेकचा बाक धरून ठेवायचं. दहा नंबरचा (सगळ्यात बारीक तार ०.०१० इंच) तारांचा सेट नेहमीच्या ट्यूनिंगला मिळून साधारण ४७ किलोने नेकला ओढतो, म्हणजे जवळजवळ सिमेंटची एक गोणी चोवीस तास त्या बारक्या लाकडाला टांगलेली. त्या ओढीने नेक पुढे वाकते, आणि आतला लोखंडी रॉड तिला मागे खेचतो. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ साली ज्या रॉडचं पेटंट मिळालं तो याच कामासाठी होता, आजही काम तेच. आता नेक खरंच जास्त वाकलेली असेल, तर रॉड आवळल्यावर तारा थोड्या खाली येतात, तेवढं खरं आहे, आणि कुणीतरी तेवढंच पाहून मेसेज लिहिला असणार. पण बाक आधीच बरोबर असेल तर पुढे आवळून नेक उलटी वाकते, मधे टेकाड येतं आणि तार पहिल्या चार-पाच फ्रेटवर आपटायला लागते. त्या पोराचं हेच झालं होतं. बझ, म्हणजे ती खरखर, आली म्हणून त्याने अजून आवळलं, कारण मेसेजमध्ये तसंच लिहिलंय!

"नेक फुटपट्टीसारखी सरळ पाहिजे." नाही पाहिजे. तार छेडल्यावर मधोमध सगळ्यात जास्त हलते, तिला हलायला जागा लागते, म्हणून नेकला अगदी हलका बाक ठेवतात, त्याला रिलीफ म्हणतात. तो डोळ्याने ठरवू नका, मोजा. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, शेवटच्या फ्रेटवर सगळ्यात जाड तार दाबायची, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघायचं. साधारण पाव मिलीमीटर असेल तर नेकला हात लावायची गरज नाही. माझे वडील रेल्वेत फिटर होते, त्यांचंच फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मी अजून वापरतो, ०.२५ ची पट्टी सरकवली की तार नुसती तिला टेकली पाहिजे, उचलली गेली नाही पाहिजे. तुमच्याकडे नसेल तर गल्लीतल्या बाईकच्या गॅरेजवाल्याकडे मागा, टॅपेट सेट करायला तो हेच वापरतो, पाच मिनिटांसाठी कुणी नाही म्हणणार नाही. आणि आवळायची वेळ आलीच तर आधी किंचित ढिला करून नट मोकळा आहे का बघा, मग एका वेळी पाव फेरा, पुन्हा ट्यून, पुन्हा मोजा. जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांबा.

"ब्रिजला हात लावू नका." हा सगळ्यात नुकसानीचा सल्ला, कारण उंची कमी-जास्त करायची जागाच ती आहे. हिशोब सोपा आहे, बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर येतो, म्हणून सॅडल, म्हणजे ब्रिजवर तार ज्यावर टेकते तो तुकडा, एक मिलीमीटर खाली केलं तर बाराव्यापाशी तार अर्धा मिलीमीटर खाली येते. स्ट्रॅटसारख्या गिटारीत प्रत्येक सॅडलला दोन बारीक स्क्रू असतात, बऱ्याच गिटारींना दीड मिलीमीटरची ॲलन की लागते, आणि लेस पॉलसारखीला दोन बाजूंच्या चकत्या फिरवायच्या. फेंडर कंपनी सतराव्या फ्रेटवर तारेची उंची साधारण १.६ मिलीमीटर सांगते, तिथून सुरू करा आणि बझ यायला लागला की किंचित वर. सूर थोडा हलतो हे खरं, पण मग परत ट्यून करायचं आणि बाराव्यावरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवून बघायचा, दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे घ्यायचं. उलट तारा उंच राहिल्या तर दाबताना त्या जास्त ताणल्या जातात आणि सूर तसाही चढतो.

मोकळी तार पहिल्या फ्रेटपाशी फार उंच असेल तर तो वरच्या नटाच्या, म्हणजे हेडस्टॉकपाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीच्या, खाचांचा प्रश्न आहे (रॉडचा नट वेगळा), तिथे रॉडही नाही आणि ब्रिजही नाही. खाच एकदा जास्त कापली गेली की नवा नट बसवावा लागतो, ते काम जाणत्याकडूनच करून घ्या.

"एकदा केलं की कायमचं." आपल्या खान्देशात तरी असं कुणी बोलू नये. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे जातो, लाकूड सुकतं, फ्रेटची टोकं हाताला टोचायला लागतात, आणि जुलैत पाऊस लागला की तेच लाकूड ओल पितं. माझ्या स्वतःच्या गिटारीत पावसाळ्यात रिलीफ वाढतो आणि उन्हाळ्यात कमी होतो, म्हणून वर्षातून दोनदा मी मोजतोच. हळदीच्या कार्यक्रमाला जाताना गिटार टेम्पोत उन्हात सोडून जेवायला बसणारे आपलेच लोक आहेत, कृपा करून तसं करू नका. शिवाय नऊचा सेट काढून दहाचा लावला तर ओढ आठेक किलोने वाढते, तेव्हाही बाक बदलणारच.

त्या पोराच्या गिटारीचं सांगायचं राहिलं. रॉडच्या झिजलेल्या नटात थोडा मोठा टॉर्क्स बिट (चांदणीच्या आकाराचं टोक) हलक्या हाताने ठोकून बसवला, दोन तास गेले, पण रॉड पाऊण फेरा ढिला झाला आणि तारांच्या ओढीने नेक परत पुढे आली. रात्रभर तशीच ठेवली, सकाळी मोजली तर ०.२५ ची पट्टी अलगद बसली. मग ब्रिजकडे वळलो तर सहाही सॅडल कंपनीतून आले तसेच वर, स्क्रूंच्या डोक्यात धूळ तशीच बसलेली, वर्षभरात त्यांना कुणी एकदाही फिरवलं नव्हतं. दहा मिनिटांत तारा १.६ वर आल्या.