दीक्षाचं ट्रेनिंग असं द्या, की चुकूनही कुणी वापरणार नाही

तर अभिनंदन, तुमचं नाव तालुक्याच्या सुलभकांच्या, म्हणजे बाकीच्या शिक्षकांना ट्रेनिंग देणाऱ्यांच्या, यादीत आलंय. तुम्ही मागितलं नव्हतं, रात्री साडेदहाला ग्रुपवर पीडीएफ पडली, तिच्यात तुम्ही होता आणि सकाळी जिल्ह्याला हजर व्हायचं होतं, एवढंच. घाबरू नका. शिक्षकांना दीक्षा, म्हणजे सरकारचं ते शाळेच्या पाठांचं अ‍ॅप, शिकवणं काही अवघड नाही, फक्त एक पथ्य सांभाळायचं, ट्रेनिंग संपल्यावर कुणी ते खरंच वापरायला लागता कामा नये. नाहीतर पुढच्या वर्षी ट्रेनिंग कशाचं घ्यायचं?

मुळात हे दीक्षा प्रकरण जरा धोकादायकच आहे. २०१७ च्या शिक्षकदिनाला ते सुरू झालं तेव्हा कल्पना अशी होती की देशभरच्या शिक्षकांनी एका जागी यावं, कुणी केलेला चांगला पाठ दुसऱ्याने वापरावा, आपला तिथे टाकावा. आता गुरुजींनी एकमेकांकडून परस्पर शिकायचं म्हटल्यावर मधल्या माणसांनी करायचं काय? म्हणून ही कल्पना ट्रेनिंगमध्ये पहिल्या स्लाइडवर वाचून दाखवायची आणि लगेच पुढे जायचं, लॉगिनकडे.

उतरंड मात्र मोडू नका. राज्याने जिल्ह्याला सांगायचं, जिल्ह्याने तालुक्याला, तालुक्याने केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला. वर जे चार दिवस चाललं ते केंद्राच्या शिक्षण परिषदेत जेवणाआधीचा अर्धा तास उरतं, पाहुणे वाढले की ताकात पाणी वाढतं तसं. आणि तारीख निवडताना द्विशिक्षकी शाळांचा विचार अजिबात करू नका. एक गुरुजी तुमच्यासमोर हॉलमध्ये बसून डिजिटल शिक्षण ऐकतील, दुसरे तिकडे एकाच व्हरांड्यात चार वर्ग बसवतील, खिचडीची नोंद करतील, आणि तुमच्याच ऑफिसातून आलेली तातडीची माहिती भरतील. शिक्षण चालूच आहे की.

उद्घाटनाला वेळ द्या, घाई नको. सरस्वती, सावित्रीबाई, ईशस्तवन, स्वागतगीत, गुलाबपुष्प, प्रास्ताविक, आणि साहेब वाटेत आहेत. साहेब आले की तंत्रज्ञान ही काळाची गरज आहे असं म्हणतील आणि जातील, कारण त्यांना झूम मीटिंग असते. मग चहा. मग मुख्य विषय, म्हणजे वायफाय.

सगळ्यांना एकदमच अ‍ॅप डाउनलोड करायला सांगा, हे महत्त्वाचं. एका राउटरवर पन्नास-साठ फोन लागले की चाक फिरायला लागतं आणि दुपारपर्यंत फिरतच राहतं. पुढच्या बाकावर एक बाई असतील, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली, फोन मुलाचा जुना. मेमरी फुल्ल, कारण सुप्रभातचे फोटो. त्या बिचाऱ्या एकेक फोटो बघून डिलीट करत बसतात, नातवाचा येतो तिथे थांबतात. मग अ‍ॅप उतरतं, ओटीपी मागतं, आणि ओटीपी जातो पुण्यातल्या मुलाला, कारण नोंदणी त्याने केलेली. मुलगा कंपनीत मीटिंगमध्ये. "सर, ओटीपी येईना ओ," असं त्या म्हणाल्या की तुम्ही फक्त म्हणायचं, "येईल बाई, बसा, रेंज येऊ दे." ह्याच बाईंना पहिलीच्या पोरांना बेरीज शिकवताना कुणी बघितलंय का? चिंचोके, काड्या, गाणं, सगळं डोक्यात तयार. दोन मिनिटांचा व्हिडिओ करून टाकला तर नव्या शिक्षकांचं वर्षभराचं काम होईल. पण तुम्ही विचारू नका. त्यांची नोंद 'तंत्रज्ञानात मागे' अशी करा.

आता काय सांगायचं नाही ते नीट लिहून घ्या. पुस्तकातल्या क्यूआर कोडखाली सहा अक्षरांचा एक कोड छापलेला असतो, स्कॅन नाही झालं तर तो टाइप करूनही चालतं. गप्प बसा. रेंजमध्ये असताना पाठ डाउनलोड करून ठेवला तर वस्तीशाळेवर नेटशिवाय चालतो. आणखी गप्प बसा. डाउनलोड केलेलं एका फोनवरून दुसऱ्या फोनवर नेटशिवाय देता येतं हे तर तोंडातून बाहेर काढूच नका, कारण रेंज नाही म्हणून काही करता येत नाही, ह्या एका वाक्यावर आपण सगळे, वरपासून खालपर्यंत, किती सुखाने जगतोय.

डिसले गुरुजींचं नाव घ्यायला हरकत नाही, पण जपून. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसलेंनी पुस्तकांना क्यूआर कोड लावले, पुढे राज्याच्या पुस्तकांवर कोड आले, २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. हे सांगताना पुरस्काराची रक्कम सांगा, दहा लाख डॉलर, त्याचे रुपये किती होतात ह्यावर चर्चा होऊ द्या. ती सुरुवात वरून आलेल्या परिपत्रकातून नाही, एका शाळेतून झाली, हा मुद्दा जेवणानंतर घ्या, म्हणजे कुणी जागं नसेल.

सर्टिफिकेटचा भाग मात्र मन लावून शिकवा, सगळं घोडं तिथेच गंगेत न्हातं. २०१९ ला निष्ठा हे केंद्र सरकारचं शिक्षक-प्रशिक्षण आलं, ४२ लाख शिक्षकांचं उद्दिष्ट घेऊन, आणि २०२० च्या ऑक्टोबरपासून ते दीक्षावर ऑनलाइन झालं, १८ मॉड्यूल. मोबाईल चार्जिंगला लावायचा, व्हिडिओ चालू करायचा आणि दूध आणायला जायचं, परत येईपर्यंत अध्ययन निष्पत्ती साध्य. शेवटच्या चाचणीला ७० टक्के लागतात, त्याची उत्तरं ग्रुपवर येतात, प्रश्नक्रमांकासकट. हे मला फार आवडतं खरं तर. शिक्षकांनी एकमेकांना साहित्य शेअर करावं म्हणून एवढी यंत्रणा उभी केली, आणि शिक्षकांनी सगळ्यात मनापासून, जिल्ह्याच्या सीमा ओलांडून, विनामोबदला काय शेअर केलं, तर उत्तरसूची. आणि त्यांना तरी काय बोलायचं, वरून रोज यादी येते ती कुणाचं शिकून झालं ह्याची नसते, कुणाचं सर्टिफिकेट राहिलं ह्याची असते. लाल रंगात. नावासकट.

ट्रेनिंग संपलं की फॉलोअपसाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा, नाव द्या 'आपण सारे शिकूया' किंवा तसलंच काहीतरी, आणि लगेच सेटिंगमध्ये जाऊन मेसेज फक्त अ‍ॅडमिनलाच पाठवता येतील असं करा. नाहीतर लोक काय वाट्टेल ते टाकतात, कुणी आपल्या वर्गाचा व्हिडिओ, कुणी प्रश्न. ग्रुपवर फक्त लिंक आल्या पाहिजेत. प्रशिक्षण कसं वाटलं त्याची लिंक, ती भरली का त्याची लिंक, आणि न भरलेल्यांनी खुलासा द्यायची लिंक. आज पाच वाजेपर्यंत, अत्यंत तातडीचे. वेळ लिहिताना आत्ता पावणेपाच वाजलेत हे बघू नका. हो, आणि जिओ टॅग फोटो विसरू नका, बॅनर पूर्ण आला पाहिजे, माणसं अर्धी आली तरी चालतील.

एवढं करूनही एखादा निघतोच. मागच्या बाकावर बसलेला, तिशीतला, शेवटी हात वर करून विचारतो, "सर, मी वर्गासाठी काही पाठ बनवलेत, ते ह्याच्यावर कसे टाकायचे? आणि आमच्या बोलीत टाकले तर चालतील का?" हॉलमध्ये शांतता. गोंधळून जाऊ नका, त्याला रागावू तर अजिबात नका. त्याला पुढे बोलवा, टाळ्या वाजवायला लावा, तंत्रस्नेही शिक्षक म्हणून जाहीर करा, गुलाबपुष्प उरलं असेल तर द्या. आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला गटसाधन केंद्रात बसवा, तालुक्याच्या सगळ्या शाळांची माहिती ऑनलाइन भरायला. त्याच्या वर्गाचं काय ते शेजारच्या वर्गाच्या बाई बघतील.