त्या कवट्या माया लोकांच्या नाहीत, आणि फ्रिजमध्ये बसून कोणी वाचत नाही

सध्या एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. ‘इंडियाना जोन्स अँड द किंगडम ऑफ द क्रिस्टल स्कल’ हा २००८चा चौथा भाग लोकांनी उगाच नाकारला, तो काळाच्या पुढचा होता, असा त्याचा सूर. मुद्दे पाच. चित्रपट आपटला, कारण लोकांना तो कळलाच नाही. त्यातली दृश्यं संगणकाशिवाय, खरीखुरी चित्रित केलेली आहेत. शिशाचं अस्तर असलेल्या फ्रिजमध्ये बसून अणुस्फोटातून वाचता येतं, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांच्या स्फटिकाच्या तेरा कवट्या खरोखर सापडल्या असून आजच्या तंत्रज्ञानालाही तशा बनवता येत नाहीत. आणि परग्रहवासी त्या कथेत चपखल बसतात. शेवटी नेहमीचं ‘सर्वांना पाठवा’.

असले मजकूर येतात नि जातात. पण हा आमच्या मावशीपर्यंत पोचला आणि खालच्या लिंकवरून ‘ऊर्जाभारित माया कवटी’ मागवू का, अशी विचारणा आली. आता गप्प बसणं शक्य नाही.

आपटला म्हणे! सुमारे साडेअठरा कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे ७९ कोटी डॉलर कमावले. २००८च्या जागतिक कमाईत त्याच्या पुढे एकटा ‘द डार्क नाइट’ होता. समीक्षकांची परीक्षणंही बहुतांशी बरी होती. चाहत्यांची नाराजी साचत गेली ती नंतर. खरोखर आपटला तो २०२३चा पाचवा भाग. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने दोन्हींची खिचडी केली आहे.

संगणकाचा मुद्दा अर्धवट खरा आहे. जुन्या भागांसारखी हाताने केलेली साहसदृश्यं ठेवू, असं निर्माते आधी म्हणाले होते आणि काही ठिकाणी ते पाळलंही. न्यू हेवनमध्ये येल विद्यापीठाच्या परिसरात चित्रित झालेला मोटारसायकलचा पाठलाग बघा, त्यात वजन जाणवतं. पण प्रेअरी डॉग (खारीच्या जातीचे बिळात राहणारे प्राणी), वेलींवरची माकडं, मुंग्या आणि जंगलातल्या पाठलागाचा बराचसा परिसर संगणकावरचा आहे. (त्या मुंग्यांना ‘सियाफू’ म्हटलंय. सियाफू आफ्रिकेत असतात, ॲमेझॉनमध्ये नव्हे.) जंगलाचं चित्रीकरण हवाईत झालं, तरी पडद्यावर ते खोटं वाटतं. उन्हाची दिशा मागच्या झाडांवर एक आणि चेहऱ्यांवर दुसरीच. गाडी खडबडीत रस्त्यावरून उधळलेली, आणि दोन गाड्यांवर पाय ठेवून तलवार खेळणाऱ्याचा तोल मात्र ढळत नाही. १९८१च्या पहिल्या भागात ट्रकखालून घसटत जाण्याचं दृश्य आहे. त्यासाठी स्टंटमन टेरी लेनर्ड खरोखर ट्रकखाली गेला होता. त्याला जागा मिळावी म्हणून रस्त्याच्या मधोमध चर खणला होता. माणूस खरा, धूळ खरी, म्हणून आजही ते बघताना श्वास अडकतो.

आता फ्रिज. चित्रपटात नायक अणुचाचणीच्या वेळी फ्रिजमध्ये लपतो, स्फोटाच्या झोताने फ्रिज दूर उडतो आणि तो धडधाकट बाहेर येतो. ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं’ याचं मूळ एवढंच की २०१२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मुलाखतीत या मालिकेचे जनक जॉर्ज लुकास म्हणाले, शास्त्रज्ञांच्या मते त्यात जगण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे. कोणते शास्त्रज्ञ, कोणतं गणित, काही नाही. मग आपणच करू. अणुस्फोटातून निघणारे भेदक गॅमा किरण (एक मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे धरू) निम्मे अडवायलाच सुमारे एक सेंटीमीटर जाड शिसं लागतं. दीड मीटर उंच फ्रिजला सगळीकडून तेवढं अस्तर दिलं तर नुसतं शिसंच सहाशे किलोंच्या आसपास भरेल. असा फ्रिज स्वयंपाकघरात कोणी ठेवत नाही. म्हणजे अस्तर असलंच तर पातळ, आणि पातळ अस्तराचा उपयोग जवळपास शून्य.

तरी किरणोत्सर्ग बाजूला ठेवा. जीव जातो तो आपटण्याने. पडद्यावर फ्रिज पळणाऱ्या मोटारीला मागे टाकून उडतो, तेव्हा वेग ताशी १०० किलोमीटर धरला तरी तो कमीच. जमिनीवर आदळून तो ३० सेंटीमीटरांत थांबला, तर सरासरी झटका १३० जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १३० पटीच्या, आसपास बसतो. कर्नल जॉन स्टॅप यांनी १९५४ मध्ये न्यू मेक्सिकोत रॉकेटच्या घसरगाडीवर ४६ जीचा झटका सोसला, तोही पट्ट्यांनी करकचून बांधून घेतलेले असताना, आणि वर डोळ्यांत रक्त उतरलं. गंमत म्हणजे तशीच रॉकेट-गाडी याच चित्रपटात फ्रिजच्या थोडं आधी दिसते! फ्रिजमध्ये पट्टा नाही, गादी नाही. डोकं पत्र्यावर आपटणारच.

आणि हसण्यावारी नेऊ नये अशी एक गोष्ट. त्या काळच्या फ्रिजच्या दाराला बाहेरून खटक्याची कडी असे, ती आतून उघडत नसे. टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये लपलेली मुलं गुदमरून मरत. म्हणून अमेरिकेत १९५६ मध्ये रेफ्रिजरेटर सेफ्टी ॲक्ट झाला आणि दार आतून ढकलून उघडेल असं करण्याची सक्ती १९५८च्या ऑक्टोबरअखेरीपासून लागू झाली. चित्रपटातला काळ १९५७. नातवंडांच्या ग्रुपवर ‘फ्रिजमध्ये माणूस वाचतो’ असं पाठवणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

खरा उच्छाद कवट्यांचा आहे, कारण त्यात पैसे जातात.

फॉरवर्ड म्हणतो, ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेने १९७० मध्ये तपासलं आणि शास्त्रज्ञ चक्रावले. तपासणी झाली होती, हे खरं. या कवट्यांतली सर्वांत प्रसिद्ध मिचेल-हेजेस कवटी आणि तिचा सुटा जबडा एकाच अखंड स्फटिकातून कापलेले आहेत, असं त्यात आढळलं. म्हणजे वस्तू कशाची आहे ते कळलं. कधीची आहे, हे त्यातून कळत नाही. ‘कार्बन डेटिंगने ३६०० वर्षं’ ही तर शुद्ध थाप. स्फटिक म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन, आपली साधी गारगोटीच. त्यात कार्बन नसतो, मग तारीख कशाची काढणार?

स्फटिक कधी कोरला हे त्यावर उरलेल्या हत्यारांच्या खुणा सांगतात. ते काम मार्गारेट सॅक्स, जेन वॉल्श आणि सहकाऱ्यांनी केलं आणि २००८ मध्ये, म्हणजे चित्रपट आला त्याच वर्षी, ‘जर्नल ऑफ आर्किऑलॉजिकल सायन्स’मध्ये छापलं. दोन कवट्या घेतल्या, एक लंडनच्या ब्रिटिश म्युझियमची आणि एक अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाची. दाताचे डॉक्टर वापरतात तशा सिलिकोनच्या (रबरासारख्या) लगद्याने कोरीव भागांचे ठसे घेतले आणि ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तुलनेला खात्रीने जुन्या वस्तू ठेवल्या, त्यात मेक्सिकोतल्या मोंते अल्बानच्या थडग्यात सापडलेला स्फटिकाचा पेला होता. जुन्या कामात दगड, लाकूड अशी हत्यारं आणि वाळूसारखी पूड हाताने घासलेली असते, त्यामुळे ओरखडे वेडेवाकडे, कमी-जास्त खोल येतात. कवट्यांवर मात्र दात आणि डोळ्यांच्या खोबणींत नेमके, समांतर ओरखडे होते. ते फिरत्या चकतीचे. मेक्सिकोत युरोपीय येण्यापूर्वी रत्नं कापायला अशी चकती वापरल्याचा पुरावा नाही.

स्मिथसोनियनच्या कवटीने तर स्वतःच कबुली दिली. तिच्या एका खळग्यात अडकलेल्या कणांची क्ष-किरणांनी तपासणी केली, तर ते सिलिकॉन कार्बाइड निघालं. वर्कशॉपमध्ये धार लावायला वापरतात ते कार्बोरंडम. अमेरिकी संशोधक ॲचेसनने १८९३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. माया राजांना ते कुठून मिळालं, हे फॉरवर्डकर्त्याने सांगावं. ब्रिटिश म्युझियमच्या स्फटिकात क्लोराइट या हिरव्या खनिजाचे अळीसारखे धागे आहेत. तसा दगड मेक्सिकोत मिळत नाही. तो ब्राझील किंवा मादागास्करसारख्या ठिकाणचा असावा.

मग या आल्या कुठून? पॅरिसचा पुरावस्तूंचा व्यापारी युजीन बोबान. ब्रिटिश म्युझियमची कवटी त्याच्याकडून न्यूयॉर्कच्या टिफनी या जवाहिऱ्यांकडे गेली आणि १८९७ मध्ये संग्रहालयाने विकत घेतली. पॅरिसच्या संग्रहालयातल्या कवटीचाही माग बोबानपर्यंतच जातो. स्मिथसोनियनची १९९२ मध्ये टपालाने आली, पाठवणाऱ्याचं नाव नाही. आणि चित्रपटात जिचं नाव येतं ती मिचेल-हेजेस कवटी? साहसी प्रवासी मिचेल-हेजेस यांची दत्तक मुलगी ॲना सांगत राहिल्या की ती आजच्या बेलीझमधल्या लुबानतुन या माया शहराच्या अवशेषांत आपल्याला किशोरवयात सापडली. प्रत्यक्षात १९३६ मध्ये ‘मॅन’ या मानववंशशास्त्राच्या नियतकालिकात हीच कवटी छापून आली, तेव्हा तिचा मालक होता लंडनचा कलाव्यापारी सिडनी बर्नी. १९४३ मध्ये ती सदबीज या लिलावसंस्थेच्या लिलावात आली, आणि नंतर वडील मिचेल-हेजेस यांनी ती बर्नीकडून घेतली. कवटी आपल्याकडे कशी आली हे न सांगायला कारण आहे, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. कारण काय ते उघड आहे.

तेरांचा आकडा दंतकथेतला. नोंद ठेवलेल्या उत्खननातून अशी एकही मोठी स्फटिक कवटी निघालेली नाही.

मावशीसाठी कामापुरतं. ‘अस्सल स्फटिक’ असं प्रमाणपत्र दाखवतील, ते खरंही असेल. काचेत बारीक गोल बुडबुडे दिसतात, स्फटिकात सहसा नाही. आणि स्फटिक हाताला जास्त गार लागतो. पण खरा स्फटिक निघाला तरी तो ब्राझीलचा दगड आणि विजेवरची चकती. दगडाचं वय कोट्यवधी वर्षं, कोरीवकामाचं कदाचित गेला महिना. विक्रेता पहिलं वय सांगतो आणि दुसऱ्याचे पैसे घेतो.

यातली आणखी एक गोष्ट झोंबते. ‘त्या लोकांना हे जमलंच नसतं, म्हणजे परग्रहावरून कोणी आलं असणार.’ मोंते अल्बानचा पेला हाताने घासून केलेला आहे, तो पुरेसा नाही का? चित्रपट पेरूच्या जंगलात माया लिपी आणतो. माया प्रदेश तिथून हजारो किलोमीटर उत्तरेला. १९८४च्या दुसऱ्या भागात भारतीय गाव म्हणून दाखवलेले गावकरी सिंहली बोलतात, कारण भारत सरकारने परवानगी नाकारल्यावर चित्रीकरण श्रीलंकेतल्या कँडीला झालं. त्यातल्या ताटातल्या माकडाच्या मेंदूवर आपण आजही चिडतो. मग पेरूच्या माणसांनी चिडायचं नाही का?

राहिला शेवटचा मुद्दा, आणि तो नाइलाजाने मान्य. पहिले तीन भाग १९३०च्या दशकात घडतात आणि त्या काळच्या साहसमालिकांच्या धाटणीवर बेतलेले आहेत. १९५७ची कथा त्या काळच्या उडत्या तबकड्यांच्या स्वस्त चित्रपटांवर बेतणं ही लुकास यांची कल्पना तर्काला धरून होती. दिग्दर्शक स्पीलबर्ग यांना पुन्हा परग्रहवासी नको होते, म्हणून ते ‘दुसऱ्या मितीतले’ झाले. ही तडजोड पडद्यावर दिसते. शेवटी तबकडी उडते, आणि नायकाला उभं राहून बघण्यापलीकडे काम उरत नाही. पहिल्या भागातही शेवटी तो खांबाला बांधलेलाच होता, पण डोळे मिटायचे हे त्याला माहीत होतं आणि त्याने सोबतच्या मॅरियनलाही मिटायला लावले. इथे कवटी परत ठेवण्याचा निर्णयसुद्धा कवटीच त्याच्याकडून करवून घेते. चित्रपटाचं पुनर्मूल्यांकन करायचं तर इथून सुरुवात करा: गोदामातली सुरुवात, मोटारसायकल, पेरूतल्या नाझ्काच्या दफनभूमीपर्यंतचा भाग चांगला आहे, आणि जंगलात शिरल्यावर पकड सुटते.