म्हणे मराठवाड्याला समुद्रच नाही

17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन उरकून चहाला टेकलो, तोच ग्रुपवर तो फॉरवर्ड पुन्हा आला. निमित्त आमच्याच गल्लीतल्या एका बापाचं. त्याचा पोरगा तेलाच्या जहाजावर ऑइलर, म्हणजे इंजिनखोलीतला कामगार आहे. युद्धात बुडालेल्या व्यापारी जहाजांवरच्या खलाशांनाही आज आठवा, एवढंच त्या माणसानं लिहिलं होतं. त्यावर हे उत्तर: "ते सैनिक नव्हते, पगारी नोकर होते. जहाज बुडताना आधी तेच पळाले. आणि मराठवाड्याला समुद्रच नाही, आपला काय संबंध?" खाली अंगठ्यांची रांग.

सैनिक नव्हते, कबूल. पगारी होते, तेही कबूल. पण सैनिक काय फुकट लढतो? आणि पगार तरी केवढा! 1939 साली ब्रिटिश जहाजांवर गोऱ्या खलाशाला जे मिळे, त्याचा चौथा हिस्साही हिंदी खलाशाच्या हातात पडत नव्हता. वाढ मागायला संप केले तर काहींना तुरुंगात घातलं. सारंग, टंडेल, भंडारी, आगवाला ही त्यांची हुद्द्यांची नावं. यातला आगवाला म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा ओढणारा. त्याची जागा पाण्याच्या पातळीखाली. टॉर्पेडो इंजिनखोलीत घुसला की वर यायला शिडी एक आणि वेळ जवळपास नाहीच. मुंबई आणि चितगावला जी नोंदवही ठेवली आहे, तिच्यात दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या हिंदी नौदलाच्या आणि व्यापारी जहाजांवरच्या सहा हजारांहून जास्त माणसांची नावं आहेत. त्यात बहुतेक खलाशीच.

आता 'पळाले'. याचा मला खरा राग आहे. तारीखही नेमकी आजचीच: 17 सप्टेंबर 1940. 'सिटी ऑफ बनारस' इंग्लंडहून कॅनडाला मुलं घेऊन निघालं होतं, बॉम्बहल्ल्यांपासून दूर पाठवलेली 90 मुलं. रात्री दहाच्या सुमाराला जर्मन पाणबुडीनं टॉर्पेडो मारला. 77 मुलं गेली. हिंदी खलाशीही शंभराच्या आसपास गेले, कित्येक अटलांटिकच्या गारठ्यात पातळ सुती कपड्यांवर. एक होडी आठ दिवस भरकटत राहिली. तिच्यात 46 जण, त्यांतले निम्म्याहून जास्त हिंदी खलाशी, आणि सहा मुलगे. विमानातून ती दिसली तेव्हा ती सहाही मुलं जिवंत होती. पळून जाणार तरी कुठे, समुद्राच्या मधोमध?

राहिला समुद्र. तेव्हा आपण निजामाच्या राज्यात. निजामानं ब्रिटिशांना एका युद्धनौकेसाठी पैसे दिले, तिचं नावच 'निजाम' ठेवलं आणि ती ऑस्ट्रेलियाच्या नौदलात गेली. निजामाची तिजोरी भरायची त्यात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादचा शेतसाराही होता. जून 1942 मध्ये भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटाकडे रसद नेणाऱ्या 11 मालवाहू जहाजांना राखण देणाऱ्या ताफ्यात ही 'निजाम'ही होती. दोन जहाजं बुडाली, बाकीची मागे फिरली, माल्टाला एकही पोचलं नाही. सारा आपला, आणि संबंध मात्र नाही! (फॉरवर्ड करणारे काका स्कूटरमध्ये टाकतात ते पेट्रोल ज्या कच्च्या तेलातून निघतं, ते बहुतेक जहाजानंच येतं, हे त्यांना कुणी सांगावं.)

संध्याकाळी त्या बापाकडे गेलो. फॉरवर्डबद्दल तो काहीच बोलला नाही. पोराच्या सीडीसीची, म्हणजे खलाशाच्या ओळख-नोंदपुस्तकाची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यानं देव्हाऱ्यामागे ठेवली आहे, ती काढून दाखवली. फोटोत पोरगा उगाचच गंभीर. जहाज सध्या कुठे आहे विचारलं तर म्हणाला, "सुएझच्या अलीकडं असंल. तिथं नेट नसतंय."

मुंबईचं खलाशांचं स्मारक मशीद बंदरला आहे, इंडियन सेलर्स होममध्ये. दिवाळीनंतर दोघं जाणार आहोत. परभणीहून रात्री देवगिरीत बसलं की सकाळी सीएसएमटी, आणि मशीद तिथून पुढचंच स्टेशन.